टपालातून येणारे अध्यक्षपद

साताऱ्यात जानेवारी २०२६मध्ये भरलेल्या ९९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाविषयी वर्गात बोलणे चालले असता, आमच्यापैकी एकाला पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, विश्वास पाटलांना किती मते पडली?" मते पडलीच नाहीत, असे उत्तर मिळाल्यावर तिचा पुढचा प्रश्न अर्थातच असा होता की, मग ते अध्यक्ष कसे झाले? संमेलनाध्यक्षाची निवडणूक २०१८ साली बंद झाली, हे आज एम. ए. करणाऱ्या पिढीला ठाऊक नाही, यात तिचा दोष नाही. परंतु ही निवडणूक कित्येक वर्षे टपालाने होत असे, मतपत्रिका पाकिटातून घरी येई आणि पाकिटातूनच परत जाई, हे ऐकल्यावर वर्गात जे हसू उमटले, त्याने आम्ही थोडे अस्वस्थ झालो. आमच्या पिढीने या टपालावर पुष्कळ टीका ऐकली आहे, केलीही आहे. टीका योग्य जागी होत होती का, हे तपासण्यासाठी हा लेख.

पद्धत थोडक्यात अशी होती. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ची. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि मुंबई मराठी साहित्य संघ या त्याच्या घटक संस्था. शिवाय बृहन्महाराष्ट्रातील संलग्न संस्था. प्रत्येक घटक संस्था आपल्या सभासदांतून पावणेदोनशेच्या आसपास मतदार कळवी. त्यांत संलग्न संस्थांचे, निमंत्रक संस्थेचे मतदार आणि माजी अध्यक्ष मिळून मतदारयादी हजाराच्या थोडी वर जाई. सातारा आणि सांगली हे जिल्हे साहित्य परिषदेच्या कक्षेत येतात. परिषदेचे मतदार पुण्यासह साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात वाटले जात असल्यामुळे आपल्या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला त्यांतले मूठभरच येत. हे मतदार गोव्यापासून हैदराबादपर्यंत पांगलेले असताना त्यांना एका जागी बोलावणे कोणत्याही साहित्यसंस्थेला परवडले नसते. टपाल ही सोय होती आणि ती रास्त होती.

टपाली मत ही साहित्यिकांची शोधलेली वस्तू नव्हे. सातारा जिल्ह्याला तिची ओळख आधीपासून आहे, ती सैन्यामुळे. अपशिंगे (मिलिटरी) या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. तिथला स्मृतिस्तंभ ही गोष्ट अजून सांगतो. अशा गावांतील जवान १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या गावचे मतदार होते, पण गावात नव्हते. त्यांना टपालाने मत देण्याची तरतूद झाली. इथे एक गंमत आहे आणि ती आमच्या विषयाशी लागू आहे. त्या निवडणुकीत मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे. मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. लिहायचे, खूण करायचे काही नव्हते. टपालाने मात्र पेटी पाठवता येत नाही. त्यामुळे सीमेवरच्या जवानालाच नावांची यादी वाचून खूण करावी लागे. गावातला निरक्षर म्हातारा मत टाकत होता आणि त्याचा फौजेतला मुलगा मत लिहीत होता. मतपत्रिकेवर खूण करण्याची रीत केंद्रांवर सर्वत्र रुळली ती साठच्या दशकात. म्हणजे टपाली मतदार हा मतदारांतला पहिला वाचक होता, असे म्हणायला हरकत नाही.

आमच्यासारख्या अध्यापकांना टपाली मत भेटते ते निवडणूक कर्तव्यामुळे. २३ एप्रिल २०१९ रोजी सातारा, सांगली आणि हातकणंगले या तिन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान होते. आमच्यापैकी एकाचे नाव तेव्हाच्या इस्लामपूरच्या यादीत, म्हणजे जिल्हा सांगली असला तरी मतदारसंघ हातकणंगले. आणि केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक तासगाव भागात, म्हणजे सांगली मतदारसंघात. स्वतःच्याच मतदारसंघात काम असते तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र दाखवून कामाच्या केंद्रावरच मत देता आले असते. मतदारसंघ बदलला, की नमुना १२चा अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे मतदानाच्या किमान सात दिवस आधी पोचवायचा. तो भरला. मतपत्रिका आली. तिच्यासोबत घोषणापत्र आणि दोन पाकिटे.

या दोन पाकिटांकडे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावे. लहान पाकिटात खूण केलेली मतपत्रिका जाते. तिच्यावर मतदाराचे नाव, सही काही नसते. मोठ्या पाकिटात ते लहान पाकीट आणि घोषणापत्र जाते. घोषणापत्रावर नाव, सही आणि ती सही आपल्यासमोर झाली असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याची साक्षांकित सही असते. मोजणीच्या दिवशी आधी मोठे पाकीट उघडून घोषणापत्र तपासतात, ते ठीक असेल तरच लहान पाकीट वेगळे काढतात. मत देणारा कोण हे कळले पाहिजे आणि त्याने काय दिले हे कळता कामा नये, या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन अटी कागदाच्या दोन आवरणांनी पाळल्या आहेत. निनावी मजकूर आणि त्याला सही करून जबाबदार असलेला लेखक, यांच्यामधला पडदा इतक्या स्वस्तात उभारलेला आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

आमच्या सहकाऱ्याने घोषणापत्रावर सही केली, राजपत्रित अधिकारी गाठून साक्षांकनही करून घेतले, आणि सर्व कागद लहान पाकिटात घालून ते डिंकाने चिकटवले. मोठ्या पाकिटात घोषणापत्र सापडले नाही तर लहान पाकीट न उघडताच मत बाद होते. हे त्यांना आठवले तेव्हा पाकीट हातचे गेले होते. वीस वर्षे विद्यार्थ्यांना 'सूचना नीट वाचा' म्हणून सांगणारा हा माणूस. असो. २०२३च्या नियमदुरुस्तीनंतर कर्तव्यावरील मतदाराने सुविधा केंद्रातच जाऊन मत द्यायचे असते, पाकीट घरी नेता येत नाही. ७ मे २०२४च्या मतदानापूर्वी आम्ही सर्वांनी तसेच केले. सरकारला कळून चुकले होते की टपाली मताचा नाजूक काळ म्हणजे ते मतदाराच्या घरात असते तो काळ.

संमेलनाच्या निवडणुकीत हा काळ आठवड्यांचा असे. सांगलीतील आमचे एक ज्येष्ठ अध्यापक (आज ते हयात नाहीत) काही वर्षे मतदार होते. मतपत्रिका आली की ते ती टेबलावरच्या शब्दकोशात ठेवून देत. मग उमेदवारांची पत्रे येत, फोन येत, नंतर माणसे येत. कोणी नम्रपणे म्हणे, "सर, पाकीट तयार असेल तर द्या, आम्ही पुण्याला निघालोच आहोत." सरांचे उत्तर ठरलेले: "पोस्टमनला सरकार पगार देते. त्याला काम करू द्या." परंतु सगळेच असे उत्तर देत नसत. कोऱ्या मतपत्रिका गोळा होतात, एखाद्या संस्थेची मते एकगठ्ठा फिरतात, ही तक्रार दर निवडणुकीत ऐकू येई. कोणत्या वर्षी ती कितपत खरी होती, याचा निवाडा आम्ही करणार नाही. मतपत्रिका मागायला माणूस दारात येऊ शकत होता आणि त्याला नाही म्हणणे मतदाराच्या भिडेवर सोपवलेले होते, एवढे पुरे आहे. मराठी माणसाच्या भिडेवर काही सोपवू नये.

या पद्धतीवरचा सर्वांत मोठा डाग १९९२च्या कोल्हापूर संमेलनाचा समजला जातो. त्या निवडणुकीत रमेश मंत्री यांनी इंदिरा संत यांचा पराभव केला. विनोदी लेखन हलके असते असे आम्ही मानत नाही. परंतु इंदिराबाईंच्या कवितेचे मराठीतील स्थान लक्षात घेता हा निकाल वाचकांच्या मनात सलत राहिला. पुढे संमेलनाविषयी बोलताना 'इंदिराबाई हरल्या' हे वाक्य युक्तिवादासारखे वापरले जाऊ लागले. आमच्या मते त्या वाक्यातून दोन वेगळ्या तक्रारी निघतात आणि त्या एकत्र केल्यामुळे घोळ झाला. मतदारांची निवड चुकली, ही एक. मतदारांना मोकळेपणी निवड करता आली नाही, ही दुसरी. पहिलीवर कोणत्याही लोकशाहीत उपाय नाही. दुसरीवर होता, आणि तो दोन पाकिटांइतका साधा होता: पडदा भक्कम करणे, मुदत आवळणे, जिल्ह्याजिल्ह्यांत एखाद्या वाचनालयात बसून मत देण्याची सोय करणे. मूठभर मतदारांसाठी एक टेबल आणि एक खुर्ची लागली असती.

त्या खुर्चीवर कोण बसतो याला आमच्या भागात महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. १९७५ साली, आणीबाणीत, कऱ्हाडला संमेलन भरले. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या. दुर्गाबाईंनी त्याच व्यासपीठावरून आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न सत्तेसमोर मांडला. त्या मंडपात बसलेली माणसे आम्हाला शिकवायला होती. नेमके उलटे २००९ला महाबळेश्वरात घडले. निवडून आलेले आनंद यादव यांना 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वारकऱ्यांचा विरोध झाला. त्यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, शेवटी राजीनामा दिला; संमेलन अध्यक्षाविना पार पडले. हजारभर मतदारांनी पाकिटे पाठवून दिलेला कौल यादवांच्या पाठीशी उभा करावा, असे त्या वेळी कोणाच्या मनात आलेले दिसले नाही. इथे आम्हाला टपालापेक्षा जास्त काही हरवल्याची शंका येते. मतदारांनाच आपले मत आपले वाटत नव्हते.

२०१८मध्ये महामंडळाने घटनादुरुस्ती करून निवडणूक बंद केली. घटक आणि संलग्न संस्थांनी नावे सुचवायची, महामंडळाच्या बैठकीत एक नाव ठरवायचे. बडोद्याच्या ९१व्या संमेलनाचे लक्ष्मीकांत देशमुख हे निवडून आलेले शेवटचे अध्यक्ष; यवतमाळच्या अरुणा ढेरे या नव्या पद्धतीच्या पहिल्या. देशमुखांच्या विरुद्ध हरलेले रवींद्र शोभणे पुढे अमळनेरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना कोणाच्या दारात जावे लागले नाही. हा नव्या पद्धतीचा गुण आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

सांगलीला या दोन्ही पद्धतींचा अनुभव एकाच गावात घेता येतो. म. द. हातकणंगलेकर विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, समीक्षा लिहीत, जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांच्या संपादनात त्यांचा वाटा. पत्रांत आयुष्य रमलेला हा माणूस टपालाच्या मतांनी निवडून आला आणि जानेवारी २००८मध्ये आपल्याच गावच्या संमेलनाचा अध्यक्ष झाला. सांगलीच्याच तारा भवाळकर यांची लोकसाहित्यातील कामगिरी वेगळी सांगायला नको. त्या २०२५च्या दिल्ली संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, महामंडळाच्या बैठकीतून. दोघेही त्या मानाला पात्र होते. दोष असलेल्या पद्धतीने हातकणंगलेकर दिले, निवडणूक नसलेल्या पद्धतीने भवाळकर दिल्या. तेव्हा फळावरून झाडाची परीक्षा इथे करता येत नाही.

विद्यार्थिनीला आम्ही वाचनालयातील जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे पाहायला पाठवले. आठवड्याने ती वही घेऊन आली. वहीत संमेलनांची यादी होती: गाव, साल, अध्यक्ष, विरुद्ध कोण होते, कोणाला किती मते. बडोद्यापर्यंत जिथे बातमी सापडली तिथे तिने आकडे भरले होते. यवतमाळपासून शेवटचे दोन रकाने तिने आखले होते, पण त्यांत लिहायला तिला काही मिळाले नव्हते. तिथे काय लिहू, असे तिने विचारले. रेघ ओढ, असे आम्ही सांगितले.