दोराचे दुसरे टोक

सांख्यदर्शनात पुरुष आणि प्रकृती यांचा संबंध समजावताना अंधपंगुन्यायाचा आधार घेतला आहे. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त त्याचा केवळ उल्लेख येतो, गोष्ट रचली ती टीकाकारांनी. रानात तांड्यापासून तुटलेले दोघे एकमेकांना भेटतात, एक आंधळा आणि एक पांगळा. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि एकाच्या पायांनी, दुसऱ्याच्या डोळ्यांनी दोघे वाट काढतात. या गोष्टीत नायक कोण, असा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर गोष्टच मोडते.

अपंग व्यक्तींच्या गिर्यारोहणाविषयी जे लिहिले जाते, त्यात मात्र पहिला शोध नायकाचाच असतो. ‘जिद्दीपुढे पर्वत झुकला’ अशा मथळ्याखाली एका माणसाचे छायाचित्र येते. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होते, पायाऐवजी काय बसवले होते, ते कुणी घडवले, हा तपशील गळून पडतो. प्रस्तरारोहणाच्या या शाखेचा शंभर वर्षांचा इतिहास चाळला, की गळालेला तपशीलच खरा इतिहास आहे असे दिसू लागते.

सुरुवात जेफ्री विन्थ्रॉप यंग या इंग्रज गिर्यारोहकापासून करता येईल. पहिल्या महायुद्धापूर्वी आल्प्समधील आघाडीच्या आरोहकांत त्याची गणना होई. वेल्समधल्या पेन-इ-पास येथे तो दरवर्षी मित्रांचा मेळा जमवी. पुढे एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी त्यातलाच. युद्धात यंग रुग्णवाहिका पथकात होता. ऑगस्ट १९१७ मध्ये इटलीच्या आघाडीवर मोंते सान गाब्रिएले येथे तोफगोळ्याने तो जखमी झाला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

गुडघा जाणे ही चढणाऱ्याच्या दृष्टीने पाऊल जाण्यापेक्षा फार मोठी हानी. पाऊल उचलून उंच खोबणीत ठेवायचे आणि गुडघा सरळ करत शरीर वर ढकलायचे, ही चढाईची मूळ क्रियाच एका बाजूने संपते. यंगने धातूचा पाय करवून घेतला आणि खडकासाठी, बर्फासाठी त्याला वेगवेगळी टोके बसवण्याची सोय केली. १९२८ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, तो ४४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचला. या वर्षांविषयीचे त्याचे ‘माउंटन्स विथ अ डिफरन्स’ हे पुस्तक १९५१ मध्ये निघाले. पाय नवा असला तरी माणसे जुनी होती, हे इथे नोंदवायला हवे. वाटाडे, पत्नी एलिनॉर आणि पेन-इ-पासचे मित्र त्याच्याभोवती होते. समूह आधी होता, अपंगत्व नंतर आले. ज्याला असा समूह आधीपासून लाभलेला नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर यंगच्या काळाकडे नव्हते.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. जानेवारी १९८२ मध्ये ह्यू हर हा सतरा वर्षांचा निष्णात आरोहक एका मित्रासह न्यू हॅम्पशरमधील माउंट वॉशिंग्टनवर हिमवादळात वाट चुकला. तीन रात्री उघड्यावर काढल्यावर दोघे सापडले. हिमदंशामुळे हरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. त्याला शोधायला निघालेला अल्बर्ट डाउ हा स्वयंसेवक मात्र हिमलोटात सापडून मरण पावला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

हरने कार्यशाळेत बसून स्वतःच पाय घडवायला घेतले. चिमूटभर कंगोऱ्यावर टेकेल असे अगदी लहान पाऊल, खडकाच्या अरुंद भेगेत शिरेल असे पात्यासारखे पाऊल, बर्फासाठी अणकुचीदार पाऊल. पायांची लांबी त्याला हवी तशी कमीजास्त करता येई. अपघातापूर्वी न जमलेल्या चढाया त्याला जमू लागल्या, तेव्हा धातूच्या पायांचा हा गैरफायदा आहे अशी कुरकुरही झाली. कालपर्यंत ज्याची कीव केली, त्याच्यावर आज फसवणुकीचा आळ! पुढे हर एमआयटीत कृत्रिम अवयवांचा संशोधक झाला. पण ही कथा सांगताना डाउचे नाव वगळले, तर हिशेबातली सर्वांत जड रक्कमच खोडल्यासारखे होईल.

त्याच १९८२ साली कॅलिफोर्नियात मार्क वेलमन डोंगरावरून पडला आणि त्याचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. पुढे तो योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रेंजर झाला. तिथली एल कॅपिटन ही सुमारे ९०० मीटरची उभी ग्रॅनाइटची भिंत त्याने जुलै १९८९ मध्ये ‘शील्ड’ या मार्गाने चढली. सोबत माइक कॉर्बेट होता. सात दिवस लागले. वर बांधलेल्या दोरावर पकड सरकवायची, दांड्याला धरून हातांनी शरीर उचलायचे, पुन्हा पकड सरकवायची. एका हिसक्यात सहा इंच. असे सुमारे सात हजार हिसके त्याने दिले.

वर्तमानपत्रांनी हे सात हजार हिसके मोजले. कॉर्बेटचे काम मोजायला अवघड होते. प्रत्येक टप्पा आधी तो चढे, मेखा व दोर पक्के करी, मग खाली उतरून मेखा काढत पुन्हा वर येई. म्हणजे एकाने भिंत एकदा चढली आणि दुसऱ्याने ती दोनदा चढली व एकदा उतरली. ‘हे खडक चढणे नव्हे, दोर चढणे आहे’ असा आक्षेप इथे घेता येतो आणि तो पोकळ नाही. वेलमनचा हात खडकाला क्वचितच लागला असेल. पण मोठ्या भिंतीवर धडधाकट जोडीतला दुसरा गडीही बहुधा ज्युमार लावून दोरानेच वर येतो. सह्याद्रीत ज्यांनी सुळके चढले आहेत त्यांना हे सांगायला नको. त्याच्या नावावर आपण चढाई बिनतक्रार लिहितो. मग मोजमाप एकच ठेवावे. चढाई ही जोडीची असते, हा नियम वेलमनसाठी नव्याने केलेला नाही.

तरीही कॉर्बेटसारखा सोबती हा योगायोगच. योगायोगाची व्यवस्था झाली ती नंतरच्या दोन दशकांत, आणि मला या इतिहासातला तोच कळीचा बदल वाटतो. २००७ साली अमेरिकेत ‘पॅराडॉक्स स्पोर्ट्स’ ही संस्था निघाली. न्यूयॉर्कमध्ये करीमा बॅट्स या कर्करोगामुळे पाय गमावलेल्या स्त्रीने २०१२ च्या सुमारास ‘अडॅप्टिव्ह क्लाइंबिंग ग्रुप’ सुरू केला. कृत्रिम भिंतीच्या व्यायामशाळेत ठरलेल्या वेळी जमायचे. कुणी हार्नेस बांधून देतो, कुणी बिले देतो, कुणी शेजारच्या दोरावर राहून लुळा पाय खोबणीत ठेवून देतो. काल शिकलेला आज दुसऱ्याला गाठ शिकवतो. इथे कुणाला वीर व्हावे लागत नाही. कंटाळा आला तर पुढच्या आठवड्यात न येण्याची मुभाही असते, आणि बरोबरीची खूण म्हणाल तर तीच.

स्पर्धांनी या सोबतीला नियमांत जागा दिली. पॅराक्लाइंबिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०११ मध्ये इटलीतल्या आर्को येथे झाली. दृष्टिहीनांच्या गटात खाली उभा असलेला मार्गदर्शक आरोहकाला शब्दांनी वाट दाखवतो: उजवा हात, दोनच्या काट्यावर, कोपरभर वर. घड्याळाची तबकडी खडकावर कल्पून केलेली ही भाषा आहे. एकाचे डोळे, दुसऱ्याचे हात. टीकाकारांची गोष्ट थेट नियमपुस्तकात आली म्हणायची. फरक इतकाच, की इथे कुणी कुणाच्या खांद्यावर नाही.

२०१२ च्या पॅरिसमधील जागतिक स्पर्धेत पोलिओने पाय अधू झालेल्या बंगळुरूच्या मणिकंदन कुमार यांनी भारतासाठी पदक मिळवले. पुण्यात दिव्यांशू गणात्रा या दृष्टिहीन साहसवीराने २०१४ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ स्थापन केले. अपंग आणि धडधाकट यांनी एकत्र खेळावे, हा तिथला आग्रह. महाराष्ट्राकडे कडे आहेत, दोर आहेत, गिर्यारोहणाच्या संस्थांची जुनी परंपराही आहे. अडते ते बरेचदा कड्याच्या आधी: पायथ्यापर्यंतची घसाऱ्याची वाट, मुक्कामाच्या गावातले शौचालय, भिंतीच्या दारातल्या चार पायऱ्या. त्या चार पायऱ्यांसाठी कुणाला जिद्दीची गोष्ट सांगायची गरज नाही, गवंडी पुरतो.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅरालिम्पिकमध्ये पॅराक्लाइंबिंगचा प्रथमच समावेश होणार आहे. छायाचित्रे निघतील, मथळे सजतील. तेव्हा वाचकाने एक सवय लावून घ्यावी. भिंतीवरच्या माणसाकडे मन भरून पाहावे आणि मग नजर दोरावरून खाली, त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी. तिथेही कुणीतरी उभे असते.