पाचटाचा कोळसा : जुनी विद्या, नवी रीत



देवळाली कॅम्पाहून भगूरकडे, दारणाकाठच्या उसाच्या मळ्यांतून एकदा जाऊन बघा. तोड झाली, टोळी पुढे गेली, की मागे उरतं पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन! आपण काडी लावतो आणि मोकळे होतो. पण त्या जाळात काय गेलं, याचा हिशेब कधी केलात का?

आपल्या आजा-पणजांच्या काळी कोळसा म्हणजे लाकडाचाच. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत कातकरी भट्ट्या लावीत. लाकूड रचायचं, पाला-मातीनं लिंपायचं आणि बेताच्या हवेवर धुमसू द्यायचं. वाफ आणि धूर निघून जाई, मागे राही चांगल्या धगीचा कोळसा. तो मुंबईच्या शेगड्यांत जळे. विद्या खरी, पण डोंगर उघडे पडले आणि राबणारा कातकरी उचलीच्या कर्जातच राहिला.

मग झाड न तोडता कोळसा होईल का? पुण्यात डॉ. आनंद कर्वे व सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘आरती’ ही संस्था काढली. तिनं हे काम पाचटावर करून दाखवलं. पाचट हलकं, चटकन भडकणारं. म्हणून ते पत्र्याच्या डब्यांत ठासून भरायचं, झाकण लावायचं आणि डबे भट्टीत ठेवून बाहेरून जाळ द्यायचा. आत हवा नाही, त्यामुळे पाचट पेटत नाही, भाजलं जातं. त्यातून निघणारा वायू डब्याबाहेर येऊन भट्टीतच जळतो आणि पुढची धग तोच पुरवतो. शेवटी वजनाच्या साधारण पाव हिस्सा काळा चुरा उरतो. त्यात खळ किंवा शेण कालवून कांड्या पाडायच्या, वाळवायच्या. या कामाला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा :

१) खोडवा ठेवणार असाल, तर पाचटावर पहिला हक्क जमिनीचा. सरीत पसरा, कुजू द्या. दहा टनांत सुमारे ५० किलो नत्र असतं. जाळलं की बहुतेक सारं हवेत जातं.

२) शेत मोकळंच करायचं असेल, तर उघड्यावर पेटवू नका. चार-सहा जणांनी मिळून भट्टी घाला.

३) कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, जीव मात्र घेतो.

काडी ओढण्याआधी, मंडळी, घटकाभर विचार करा.