पाइनहर्स्ट क्रमांक दोन : एका गोल्फ मैदानाचा जीर्णोद्धार

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील पाइनहर्स्ट या गावी असलेले दुसऱ्या क्रमांकाचे गोल्फ मैदान १९०७ साली खेळासाठी खुले झाले. स्कॉटलंडमधील डॉरनॉक येथे जन्मलेले डॉनल्ड रॉस हे त्याचे शिल्पकार. अमेरिकेत शेकडो मैदाने आखणारे रॉस याच गावी राहिले, आणि १९४८ मध्ये निधन होईपर्यंत या एका मैदानात सतत फेरफार करीत राहिले. २०१०-११ साली या मैदानाचा जो जीर्णोद्धार झाला, तो जुन्या मैदानांना मूळ रूप परत देण्याच्या प्रयत्नांतील बहुधा सर्वांत धीट प्रयोग म्हणावा लागेल. कारण त्यात सुमारे ३५ एकर जोपासलेली हिरवळ खरवडून काढण्यात आली.

गोल्फशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. मैदानात अठरा टप्पे असतात. प्रत्येकाला होल म्हणतात. ‘टी’पासून पहिला फटका मारायचा, चेंडू ‘फेअरवे’ या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातून पुढे न्यायचा आणि ‘ग्रीन’ या अतिशय बारीक कापलेल्या गवतावरील भोकात घालवायचा. फेअरवेच्या दोन्ही बाजूंना वाढू दिलेल्या दाट गवतास ‘रफ’ म्हणतात. चेंडू भरकटला की खेळाडूला तेथे शिक्षा भोगावी लागते.

पाइनहर्स्टच्या मूळ मैदानात असे रफ नव्हतेच. बॉस्टनचे सोडा फाउंटनचे उद्योजक जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी १८९५ साली हे गाव वसविण्यासाठी जमीन घेतली, तेव्हा तेथे लाँगलीफ पाइनची तोड होऊन उघडे पडलेले वाळूचे माळरान होते. पाणी पटकन जिरणारी ही वाळू रॉस यांना त्यांच्या मायदेशातील समुद्रकाठच्या मैदानांची आठवण देणारी होती. फेअरवे संपला की वाळू, पाइनच्या वाळक्या सुया आणि तारेसारख्या ताठ पात्यांचे वायरग्रास. चेंडू तेथे गेला तर कसा पडेल याचा नेम नसे: कधी मोकळ्या वाळूवर, कधी झुडपाच्या मुळाशी. ही अनिश्चितता खेळाचाच भाग होती.

१९७० मध्ये टफ्ट्स कुटुंबाने ही मालमत्ता विकली. पुढील दशकांत दूरचित्रवाणीने अमेरिकन प्रेक्षकाला गर्द हिरव्या मैदानांची सवय लावली आणि पाइनहर्स्टनेही तीच वाट धरली. वाळूच्या जागी बर्म्युडा गवत आले, पाण्याचे फवारे वाढले, फेअरवे अरुंद झाले. १९९९ आणि २००५ च्या यू. एस. ओपन स्पर्धा अशाच हिरव्या मैदानावर झाल्या. मैदान कठीण होते, नावाजलेलेही होते. परंतु त्याची ओळख पुसली गेली होती.

जीर्णोद्धाराचे काम बिल कूर आणि बेन क्रेन्शॉ यांच्याकडे सोपविण्यात आले. कूर नॉर्थ कॅरोलायनाचेच. तरुणपणी ते या मैदानावर खेळलेले. क्रेन्शॉ हे १९८४ व १९९५ च्या मास्टर्स स्पर्धेचे विजेते आणि गोल्फच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता तो ‘मूळ’ या शब्दाचा. १९०७ चे मैदान मूळ मानायचे, तर तेव्हा ग्रीनवर गवतच नव्हते. उन्हाळ्यात तग धरणारे बारीक गवत त्या काळी दक्षिणेत साधत नसल्यामुळे ग्रीन वाळूच्या होत्या. १९३६ च्या पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धेच्या तयारीत, १९३५ साली, रॉस यांनी त्यांवर गवत आणले. म्हणून कूर-क्रेन्शॉ यांनी रॉस यांच्या उत्तरकाळातील रूप प्रमाण मानले. हा निवाडा योग्यच होता, पण तो निवाडा होता. मूळ रूप कोठे आयते ठेवलेले नव्हते.

पुरावे मात्र भक्कम मिळाले. १९४३ साली विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत फेअरवेच्या कडा आणि वाळूचे पट्टे स्पष्ट दिसत होते. गावातील टफ्ट्स अर्काइव्ह्जमध्ये जुनी चित्रे व कागदपत्रे होती. सर्वांत बोलका साक्षीदार जमिनीखाली होता: फेअरवेच्या मधोमध गेलेली जुनी पाण्याची नळी. फवारा पोहोचेल तेथवर गवत हिरवे, पलीकडे ते विरळ होत वाळूत मिसळणार, हे जुन्या मैदानाचे साधे गणित. नळी सापडली की फेअरवेची मध्यरेषा सापडली, आणि त्यावरून जुनी रुंदीही ठरविता आली. फवाऱ्यांची तोंडे सुमारे ११५० वरून ४५० पर्यंत खाली आली. उघड्या केलेल्या वाळूत वायरग्रासची लाखाहून अधिक रोपे लावण्यात आली. अर्थात ओसाड दिसणारी ही वाळू देखभालीशिवाय तशी राहत नाही. गवत कापण्याचे काम घटले, तरी तण हाताने उपटण्याचे वाढले.

ग्रीनला मात्र त्यांनी जवळजवळ हात लावला नाही, आणि हाच या कामातील वादाचा भाग आहे. पाइनहर्स्टच्या ग्रीन कासवाच्या पाठीसारख्या फुगीर आहेत. जरा चुकलेला चेंडू कडेवरून घरंगळतो. जग त्यांना रॉस यांची खूण मानते. परंतु हा फुगवटा काही अंशी वर्षानुवर्षे गवतावर पसरलेल्या वाळूच्या थरांनी वाढला असावा, असे अनेक जाणकारांचे मत आहे. आपल्याकडे शेंदराचे लेप चढत जाऊन मूर्तीचा आकार बदलतो आणि भाविकांना तोच आकार परिचयाचा होतो, तसाच हा प्रकार. कूर-क्रेन्शॉ यांनी येथील शेंदूर उतरविला नाही. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने ही तडजोडच. तरी ज्या ग्रीनवर स्पर्धांच्या पिढ्या घडल्या त्या मोडण्यात काय साधले असते, हेही विचारावे लागते.

२०१४ मध्ये पुरुषांची व महिलांची यू. एस. ओपन प्रथमच एकाच मैदानावर लागोपाठच्या आठवड्यांत खेळविली गेली. तपकिरी कडा आणि करपलेले पट्टे पाहून अनेक प्रेक्षक नाराज झाले. पुरुषांत मार्टिन कायमर यांनी आठ फटक्यांच्या आघाडीने, तर महिलांत मिशेल वी यांनी विजेतेपद मिळविले. पुढे ग्रीनवरील बेंट गवत बदलून उष्णता सोसणारे बर्म्युडा लावण्यात आले. २०२४ च्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी ब्रायसन डिशाँबो वारंवार याच वाळूत आणि झाडांत अडकले, तेथून सुटले, आणि अखेरच्या होलवर लांबच्या बंकरमधून मारलेल्या फटक्याने एका फटक्याच्या फरकाने जिंकले. दाट रफमध्ये चेंडू कसाबसा बाहेर काढण्यापलीकडे काही करता येत नाही. वाळूत मात्र कसबाला वाव राहतो, हे त्या दिवशी लाखो लोकांनी पाहिले.

रॅली-केरी परिसरातील मराठी कुटुंबांना पाइनहर्स्ट मोटारीने सुमारे दीड तासाच्या अंतरावर आहे. २०२९ साली तेथे पुरुष व महिला अशा दोन्ही स्पर्धा पुन्हा लागोपाठ होणार आहेत.