माँटगोमेरीच्या मोटारी : ३८१ दिवस एक शहर कामावर कसे पोहोचले?

रोझा पार्क्स हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या माँटगोमेरी शहरात त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील आसन सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली आणि सोमवार, ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय नागरिकांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला. इथवरची कथा पाठ्यपुस्तकांत येते. या धाग्याचा प्रश्न त्यापुढचा आहे. एका दिवसाचा बहिष्कार बेमुदत ठरल्यावर मंगळवारी सकाळी ही माणसे कामावर गेली कशी?

प्रश्न वरवर रुक्ष वाटतो, पण सारे आंदोलन त्यावरच तोललेले होते. बसच्या प्रवाशांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय होते. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया त्यांत होत्या, तसेच मजुरीवर घर चालवणारे बापही होते. बसचे भाडे १० सेंट. सहा दिवस जाऊन येऊन आठवड्याला १ डॉलर २० सेंट. ज्याच्या हातावर पोट आहे, त्याला निष्ठेची परीक्षा एखादा दिवस देता येते. दररोज कामाला उशीर झाला तर ती देणे कठीण होते. बहिष्कार मोडायचा तर याच दुखऱ्या जागी बोट ठेवावे लागेल, हे शहराच्या कारभाऱ्यांना लवकर उमगले.

पहिली व्यवस्था टॅक्सीवाल्यांनी केली. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या टॅक्सी कंपन्यांनी बसच्याच दरात, म्हणजे माणशी १० सेंटांत, प्रवासी न्यायला सुरुवात केली. या चालकांनाही घरसंसार होता आणि ते आपली कमाई सोडून गाडी हाकत होते, हे विसरता कामा नये. त्यांना अडवायला नवा कायदा करण्याची गरज भासली नाही. टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट असावे, असा नियम होताच. पोलीस आयुक्त क्लाइड सेलर्स यांनी त्याकडे बोट दाखवले आणि पहिल्याच आठवड्यात स्वस्त टॅक्सी बंद पडली.

त्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी लुइझियानातील बॅटन रूज येथे धर्मोपदेशक टी. जे. जेमिसन यांना दूरध्वनी केला. तेथे जून १९५३ मध्ये असाच बहिष्कार झाला होता आणि लोकांनी खासगी मोटारींतून एकमेकांना नेले होते. तोच धडा माँटगोमेरीने गिरवला. सभेत मोटारमालकांना आवाहन झाले आणि दीडशेच्या आसपास लोकांनी नावे दिली. पुढे मोटारींची संख्या सुमारे ३०० झाली. रुफस लुइस वाहतूक समितीचे प्रमुख झाले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सकाळी माणसे घेण्याची ४८ आणि संध्याकाळी परत आणण्याची ४२ ठिकाणे ठरली. गोऱ्यांच्या वस्त्यांतील रस्ते आयोजकांना फारसे परिचित नव्हते. तेथे पत्रे वाटणाऱ्या दोन कृष्णवर्णीय टपालवाल्यांची माहिती कामी आली. माझ्या मते या लढ्यातील ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. ज्या वस्तीत ही माणसे रोज राबत, तिचा नकाशा त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या डोक्यात होता.

मोटारीत भाडे घेता येत नसे. घेतले की ती विनापरवाना टॅक्सी ठरणार! म्हणून पैसा देणग्यांतून उभा राहिला. जॉर्जिया गिलमोर यांनी स्त्रियांचा एक गट जमवला. या स्त्रिया केक आणि पाय विकून सभेत रोकड आणून देत. गटाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलाच नसलेला क्लब. पैसे कोठून आले असे कोणी विचारले, तर उत्तर तयार होते आणि कोणाची नोकरी धोक्यात येत नव्हती. चर्चच्या नावावर नोंदलेल्या मोठ्या स्टेशन वॅगन गाड्याही आल्या. लोक त्यांना ‘चालती चर्चे’ म्हणू लागले.

बळजबरीही तितकीच पद्धतशीर होती. चालकांना किरकोळ कारणांवरून दंड होऊ लागले. २६ जानेवारी १९५६ रोजी प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या किंग यांनाच अटक झाली. आरोप असा, की २५ मैलांची मर्यादा असताना गाडी ताशी ३० मैलांनी धावत होती. चारच दिवसांनी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. आत पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी योलांडा होती, दोघी बचावल्या. महापौर गेल यांनी तर मोलकरणींना स्वतःच्या मोटारीतून ने-आण करणाऱ्या गोऱ्या गृहिणींनाही ती थांबवण्यास सांगितले. पण घरचे काम खोळंबू द्यायला त्यांतल्या बऱ्याच जणी तयार नव्हत्या. पुढे गाड्यांचे विमे रद्द होऊ लागले. विम्याविना गाडी रस्त्यावर आणणे अशक्य, म्हणून अटलांटाचे विमा व्यावसायिक टी. एम. अलेक्झांडर यांच्यामार्फत थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला.

शेवटी नगरपालिकेने ही मोटारसेवा म्हणजे विनापरवाना खासगी धंदा आहे, असे म्हणून न्यायालयात धाव घेतली. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या अर्जाची सुनावणी चालू असतानाच वॉशिंग्टनहून वार्ता आली, की बसमधील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम केला आहे. तरीही स्थानिक न्यायाधीशांनी त्याच दिवशी मोटारसेवेला मनाई केली. म्हणजे जिंकल्यावर गाड्या थांबल्या! सर्वोच्च न्यायालयाचा लेखी आदेश माँटगोमेरीत पोहोचायला २० डिसेंबर उजाडला. मधला महिनाभर लोक पायी गेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाडीत दाटीवाटीने बसून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. २१ डिसेंबरच्या सकाळी ते पुन्हा थांब्यांवर उभे राहिले. एव्हाना बसचे भाडे १५ सेंट झाले होते.