आधी ऊब, मग दूध

तेराव्या-चौदाव्या शतकात दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांमध्ये एक वाद चांगलाच रंगला होता. देव भक्ताला तारतो तो कसा? एका पक्षाने माकडिणीकडे बोट दाखवले. ती या झाडावरून त्या झाडावर झेपावते तेव्हा पिल्लू आपल्या हातांनी तिच्या पोटाला घट्ट चिकटलेले असते. भक्तानेही तशी धडपड करायला हवी. दुसऱ्या पक्षाने मांजर पुढे केली. ती पिल्लाची मानगूट दातांत धरते आणि पिल्लू अंग सैल सोडून लोंबकळत राहते. सगळा भार आईवर. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ही जोडी मराठी वाचकालाही परकी नाही.

हा दाखला ज्याने पहिल्यांदा दिला, त्याने मांजरीचे बाळंतपण जवळून पाहिले असणार. नुकते जन्मलेले पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमचे असते. डोळे मिटलेले, कानही बंद. गारठा लागला तर कुडकुडून अंग तापवण्याची ताकद त्याला पहिल्या आठवड्यात नसते. शी-शूसुद्धा आपली आपण होत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच होते. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पाय जमिनीवर ठरू लागतात. तोवर ऊब, अन्न, स्वच्छता, संरक्षण, सगळे आईकडून यायचे.

आणि आईच नसेल तर? या प्रश्नाचे उत्तर सापडायला माणसाला फार काळ लागला, आणि ते जनावरांच्या दवाखान्यात जितके सापडले तितकेच बाळंतिणीच्या खोलीत सापडले.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. आज पोटमाळ्यावर, उद्या धान्याच्या कणगीमागे, परवा जिन्याखालच्या अडगळीत. या फिरवाफिरवीत एखादे पिल्लू मागे राहून जाई, किंवा मांजरीलाच कुत्रे धरी. मग घरातली आजी कापसाचा बोळा दुधात भिजवून त्या पिल्लाच्या तोंडाशी धरी. ही रीत तिच्या हाताला आधीच ठाऊक होती. ज्या तान्ह्याला आईचे दूध पुरत नसे, त्याला शिंपल्याने नाही तर बोंडल्याने पाजत. बोंडले म्हणजे एका बाजूला चोच काढलेले, ओंजळीत मावेल एवढे भांडे, ऐपत असेल तर चांदीचे. आईच्या दुधाखेरीज जे पाजायचे त्याला 'वरचे दूध' हा मराठीतला नेमका शब्द. पोरक्या पिल्लाच्या वाट्याला तेच वरचे दूध यायचे.

माणसाचे तान्हे आणि मांजर यांची ही जवळीक लोकधर्मातही दिसते. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री जिची पूजा होते ती आपली सटवाई, म्हणजेच षष्ठी. बंगालात ही देवी मांजरावर बसलेली असते. तिथल्या व्रतकथेतली खादाड सून चोरून खाते आणि आळ घरच्या काळ्या मांजरीवर घालते. मांजर देवीकडे गाऱ्हाणे नेते, आणि त्या सुनेची मुले जन्मताच नाहीशी होऊ लागतात. मांजरीची माफी मागितल्यावरच ती परत मिळतात. लेकरे जगवणाऱ्या देवीने वाहन म्हणून मांजर निवडावी, यात मोठे शहाणपण आहे.

पण प्रेम असूनही बोळ्याने पाजलेली पिल्ले बहुधा मरत. का मरत, याचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रयोगशाळेतून आले. गुस्ताव फॉन बुंगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांचे दूध तपासले आणि शेजारी एकच आकडा मांडला: बाळाचे जन्मवजन दुप्पट व्हायला लागणारे दिवस. माणसाच्या बाळाला 180 दिवस, दुधात प्रथिने शेकडा 1.6. वासराला 47 दिवस, प्रथिने 3.5. मांजराच्या पिल्लाला नऊ-दहा दिवस, आणि प्रथिने शेकडा 7. ज्याला झपाट्याने वाढायचे, त्याचे दूध तसे घट्ट. गाईचे दूध पचावे म्हणून त्यात पाणी घालून पाजणारी आजी नकळत पिल्लाला उपाशी ठेवत होती. शिवाय गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते, आणि शंभर ग्रॅमच्या जिवातले पाणी एका दिवसात आटते.

दूध हा मात्र अर्धाच प्रश्न होता. बोळा तोंडाशी धरला तरी पिल्लू लुचतच नाही, मान फिरवते, ओठांवरून दूध ओघळते, ही तक्रार वेगळी. तिची उकल पॅरिसमध्ये झाली, तीही माणसाच्या बाळांसाठी.

1878 साली स्टेफान तार्निए हे प्रसूतितज्ज्ञ पॅरिसच्या प्राणी-उद्यानात गेले होते. तिथे कोंबडीची अंडी उबवायची पेटी ठेवलेली होती. ती पाहून त्यांना आपल्या रुग्णालयातली अपुऱ्या दिवसांची बाळे आठवली. उद्यानातल्याच ओदील मार्तां यांच्याकडून त्यांनी तशी पेटी बाळांसाठी बनवून घेतली: खाली गरम पाण्याची टाकी, वर बाळे, मधून उबदार हवा खेळती. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांपैकी शेकडा 66 दगावत होती, ते प्रमाण 38वर आले. पुढच्या दशकात तार्निए यांनी दुसरी गोष्ट रूढ केली. ज्या बाळाला ओढून पिता येत नाही, त्याच्या तोंडातून मऊ रबरी नळी थेट पोटात उतरवून थोडे-थोडे दूध सोडायचे. त्यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी पुढे जीव तोडून सांगितले की अशक्त बाळाचा पहिला शत्रू गारठा आहे.

आज पशुवैद्य पोरक्या पिल्लासाठी जे करतात, त्याचा गाभा हाच. आई गेली की पिल्लाचे अंग पाहता पाहता गार पडते. निरोगी पिल्लाच्या शरीराचे तापमान पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंश सेल्सियस असते. ते त्याखाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि लुचण्याची उपजत ओढही विझते. गार पिल्लाला दूध पाजले तर ते पोटात तसेच पडून राहते, आंबते, नाही तर उलटून फुप्फुसात शिरते. पिल्लू खात नाही म्हणून घाबरून जबरदस्तीने पाजलेले दूधच पुष्कळदा त्याचा जीव घेते. कोंबडीच्या अंड्यापासून सुरू झालेली ऊब माणसाच्या बाळामार्गे मांजराच्या पिल्लापर्यंत पोचली, पण हा शेवटचा टप्पा फार उशिरा पार झाला.

उशिराचे कारण साधे होते. वैद्यकाच्या लेखी मांजर बिनकामाची. ल्योंला 1761 साली पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले ते घोडे आणि गुरे यांच्यासाठी. गुरांच्या साथींनी युरोप हैराण झाला होता. भारतातही घोडदळ, तोफा ओढणारे बैल आणि दुभती जनावरे यांच्यापुढे मांजराचा विचार कोण करणार?

मुंबईने मात्र दयेच्या बाजूने लवकर पाऊल टाकले. 1832 साली सरकारने भटकी कुत्री मारायचे फर्मान काढले तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. 1874 साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी मुंबईतली संस्था निघाली. 1883मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला जनावरांचे रुग्णालय दिले. तेच बाई साकरबाई रुग्णालय. मुंबईकर त्याला आजही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. नावातच त्या काळचा अग्रक्रम आहे. तीन वर्षांनी त्याच्याच जोडीला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. योगायोग असा की 1883 याच वर्षी लंडनच्या बॅटरसी इथल्या बेवारस कुत्र्यांच्या आसऱ्यात मांजरांना पहिल्यांदा जागा मिळाली. बैलघोड्यांसाठी उघडलेल्या परळच्या दारातून आज टोपलीतली, पिशवीतली मांजरे रोज आत जातात.

विसाव्या शतकात पिल्लांसाठी दुधाची खास पावडर निघाली आणि पाजण्यातला मोठा अडथळा दूर झाला असे वाटले. तरी एक कोडे उरलेच होते. 1827 साली टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून एक पदार्थ वेगळा काढला होता. बैलाचे लॅटिन नाव 'टॉरस', म्हणून तो टॉरिन. जवळजवळ दीडशे वर्षे त्याला कुणी फारसे महत्त्व दिले नाही. 1975 साली हार्वर्डमध्ये केसीन या दुधातल्या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांची दृष्टी जाताना दिसली. डोळ्यांतला पडदा झिजत होता, आणि कारण होते टॉरिनचा अभाव. मांजराचे शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही. तो अन्नातूनच, म्हणजे मांसातून किंवा आईच्या दुधातून, यावा लागतो. 1987मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टॉरिन कमी पडला तर मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, आणि टॉरिन दिला की पुष्कळदा सुधारते. मांजरांच्या खाद्याचे घटक त्यानंतर बदलले. माणसाच्या बाळांच्या डब्यातल्या दुधातही 1980च्या दशकात टॉरिन घालायला सुरुवात झाली. एकेकाळी बाळाच्या बोंडल्याने मांजराला आधार दिला होता. या वेळी मांजराने बाळाला काही दिले.

शेवटचा मोठा धडा चिकाचा. व्यायल्यावर येणारे पहिले दूध, ज्याचा आपण खरवस करतो, त्यात आईची रोगप्रतिकारशक्ती असते. मांजरीच्या गर्भाला ती वारेतून फारच थोडी मिळते. खरी शिदोरी चिकातूनच. 1996 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवले की पिल्लाचे आतडे ही शिदोरी जन्मानंतर साधारण 16 तासच शोषून घेते, मग दार बंद. म्हणून जन्मताच पोरके झालेले पिल्लू कितीही नीट पाजले तरी साध्या जंतूपुढेही कोलमडू शकते. अशा पिल्लाच्या कातडीखाली निरोगी मोठ्या मांजराच्या रक्तातला द्रवभाग टोचायचा उपाय पुढे निघाला.

तरीही आश्रयगृहांत आठ आठवड्यांखालची पोरकी पिल्ले कित्येक वर्षे पहिल्या दिवशीच मारली जात, कारण दर दोन-तीन तासांनी उठून पाजायला माणसे नव्हती. 2009 साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये अशा पिल्लांसाठी चोवीस तास चालणारे संगोपनगृह सुरू झाले. नंतर तशी आणखी निघाली, आणि स्वयंसेवकांनी पिल्ले घरी नेऊन वाढवायची पद्धतही पसरली.

मुंबई-पुण्यात हे काम अजून प्रामुख्याने घराघरांत चालते. बुटांच्या खोक्यात जुन्या साडीची घडी, तिच्याखाली एका बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येते. पालथ्या पडलेल्या पिल्लाच्या पोटाखाली दोन बोटे सरकवून अंग गरम झाले का ते पाहायचे. झाले, की मग सुई काढलेल्या सिरिंजमधून किंवा पिल्लांच्या बाटलीतून कोमट दूध, थेंबाथेंबाने. पिल्लू पोटावरच ठेवायचे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर ठसका लागून दूध फुप्फुसात जाते. पाजून झाले की कोमट पाण्यात पिळलेला बोळा शेपटीखाली हलकेच फिरवायचा, आईच्या जिभेसारखा. आजीच्या हातातला तोच कापूस, फक्त काम वेगळे.

तेव्हा जिन्याखाली, गाडीच्या बॉनेटमध्ये किंवा गच्चीवरच्या टाकीमागे एकटे पिल्लू दिसले, तर आधी लांबून वाट पाहा. मांजर घर बदलत असेल, परत येईल. मात्र पिल्लू हाताला गार लागत असेल तर थांबू नका. आई आलीच नाही, तर पिल्लाला उचला, सावकाश ऊब द्या, आणि ते ऊबदार होईपर्यंत दुधाला हात लावू नका. ऊब येऊनही ते लुचत नसेल तर तासाभरात पशुवैद्य गाठा. नळीने पाजायचे काम त्यांचेच. घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. जगणाऱ्या पिल्लाचे वजन दिवसाला साधारण 10 ते 15 ग्रॅमने वाढते, आणि ते एक दिवस जरी वाढले नाही तरी दवाखान्यात जायचे.