आयुर्विम्याची एजन्सी घेताना

मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारे तरुण, घर सांभाळून चार पैसे मिळवू इच्छिणाऱ्या भगिनी आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे स्नेही आम्हांला एक प्रश्न नेहमी विचारतात, "आयुर्विम्याची एजन्सी घ्यावी का?" आम्ही स्वतः एजंट नव्हतो. पण बँकेतील नोकरीच्या काळात कर्जदारांच्या पॉलिसी तारण घेतल्या, विम्याचे धनादेश खात्यात जमा केले आणि ते न आल्यामुळे कोलमडलेली घरेही पाहिली. त्या अनुभवावरून ही माहिती एकत्र देत आहोत.

थोडी पार्श्वभूमी

या व्यवसायाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली 'वेस्टर्न इंडिया' ही विमा कंपनी उभी केली. जानेवारी 1956 मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यानंतर 245 लहानमोठ्या संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. 2000 सालापासून खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले.

पात्रता आणि परीक्षा

वय 18 पूर्ण असावे आणि शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण. आधी एखाद्या कंपनीच्या शाखेत विकास अधिकाऱ्याला भेटावे. कंपनी प्रशिक्षण देते व परीक्षेला बसवते. परीक्षा संगणकावर होते, 50 प्रश्नांना एक तास मिळतो, उत्तीर्ण होण्यास 35 टक्के गुण लागतात आणि ती मराठीतूनही देता येते. उत्तीर्ण झाल्यावर कंपनी नियुक्तिपत्र देते. एका वेळी आयुर्विम्याच्या एकाच कंपनीचे काम करता येते. नोकरीत असणाऱ्यांनी आपले सेवानियम आधी तपासावेत.

ओळखीची यादी

पहिल्याच आठवड्यात नव्या एजंटाला शंभर ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगतात. आपल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांत ही यादी झटकन होते. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, सगळीकडे कोणी मामा, कोणी काकू असतेच. खरी अडचण इथूनच सुरू होते. "काकू, पहिलीच पॉलिसी आहे, तुम्ही घ्याच" म्हटले की काकू भिडेखातर सही करतात. दुसऱ्या वर्षी हप्ता जड होतो, पॉलिसी बंद पडते आणि मंडळात समोरासमोर आले की दोघेही नजर चुकवतात.

म्हणून यादीतल्या माणसाकडे जाताना योजनेचे पत्रक मागे ठेवावे आणि घरचा हिशोब पुढे घ्यावा. समजा, घरखर्च महिना 40,000 रुपये आहे आणि कमावणारा एकच. 50,000 रुपये वार्षिक हप्त्याची बचत योजना घेतली आणि विमा रक्कम हप्त्याच्या दहापट असली, तर ती 5 लाख होते. म्हणजे जेमतेम साडेबारा महिन्यांचा खर्च. याउलट 6 टक्के व्याजाने तेवढाच खर्च भागवायला 80 लाखांची ठेव लागेल, घराचे कर्ज असल्यास ते वेगळेच. एवढे संरक्षण बहुतेकांना शुद्ध मुदत विम्यातच परवडते. त्यात एजंटाचा हप्ता लहान, म्हणून कमिशनही कमी. तरी आधी संरक्षण आणि मग बचत, हाच क्रम ग्राहकाला सांगावा.

प्रस्ताव अर्ज

आमच्या शाखेतील एका खातेदाराला मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. एजंट त्यांच्याच गल्लीतला. "एवढ्याशा साखरेचे काय लिहायचे, उगाच तपासण्या लागतील," म्हणून त्याने त्या रकान्यात 'नाही' लिहिले आणि खातेदाराने न वाचता सही केली. दीड वर्षात ते हृदयविकाराने गेले. रुग्णालयाच्या कागदांत जुना मधुमेह नोंदलेला होता. दावा नामंजूर झाला. त्यांच्या पत्नी ते पत्र घेऊन आमच्या टेबलासमोर बसल्या आणि "त्यांनी तर सगळे सांगितले होते हो" एवढेच म्हणत राहिल्या. घरकर्जाचे हप्ते थांबलेले होते आणि वसुलीची नोटीस आम्हांलाच काढावी लागली. तो एजंट पुन्हा त्या घरी गेला नाही.

आजच्या कायद्यानुसार तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. त्याआधी मात्र लपवलेली माहिती दाव्याच्या आड येऊ शकते. म्हणून प्रत्येक प्रश्न ग्राहकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि आजार, औषधे, शस्त्रक्रिया, तंबाखू हे सगळे जसेच्या तसे लिहावे. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. कोरा अर्ज सहीसाठी कधीही पुढे करू नये.

हप्ता, सूट आणि वारस

• पहिल्या हप्त्यात आपल्या कमिशनमधून सूट देण्याची पद्धत सर्रास दिसते. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार तो गुन्हा असून 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

• हप्त्याची रोकड स्वतःजवळ ठेवू नये. पैसे कंपनीकडे पोचल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही.

• 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. जुनी पत्रके वापरू नयेत.

• पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती न पटल्यास परत करता येते, हे ग्राहकाला आपणहून सांगावे.

• मासिक हप्त्याला 15 दिवस आणि इतर हप्त्यांना 30 दिवसांची सवलत मुदत असते.

• वारसाचे नाव लग्नानंतर बदलायचे राहून जाते. दरवर्षी विचारावे.

• ग्राहक व्यापारी असेल तर 1874 च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली पॉलिसी घेण्याविषयी सांगावे. अशी रक्कम पत्नी व मुलांसाठी राखली जाते, धनकोंना सहसा तिच्यावर हात टाकता येत नाही.

उत्पन्नाचा हिशोब

कमिशन पहिल्या वर्षी जास्त आणि पुढे थोडे थोडे, पण हप्ते चालू असेपर्यंत मिळत राहते. म्हणजे चालू राहिलेल्या पॉलिसी हीच एजंटाची खरी ठेव. पहिली एक-दोन वर्षे उत्पन्न अनियमित असते. घरखर्चाची दुसरी सोय असल्याखेरीज नोकरी सोडून यात उडी घेऊ नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. आकडा गाठायला स्वतःच्या खिशातून दुसऱ्याचा हप्ता भरणे हा तर बुडण्याचा सरळ रस्ता.

दाव्याच्या वेळी

ग्राहक गेल्यावर तेराव्याची वाट न पाहता घरी जावे. मृत्यू दाखला, पॉलिसी, वारसाचे ओळखपत्र व बँक तपशील गोळा करून अर्ज भरून द्यावा. अपघाती मृत्यू असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालही लागतो. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडील तक्रारीनेही भागले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. इंदूर व ग्वाल्हेरकरांसाठी हे कार्यालय भोपाळला, बडोदेकरांसाठी अहमदाबादला आणि बेळगावकरांसाठी बंगळुरूला आहे.

मंडळात ज्यांना 'काकू' म्हणून हाक मारतो, त्यांच्या दारात अशा दिवशी कागद घेऊन जाण्याची तयारी असेल, तर ही एजन्सी जरूर घ्यावी. नसेल, तर त्यांच्याकडे पॉलिसी मागायलाही जाऊ नये.