झेल्याचा मालक कोण?

आपल्या आयटीवाल्यांना 'ओपन सोर्स' कळायच्या कितीतरी आधीपासून कोकणात झेला आहे. लांब बांबू, टोकाला कडं आणि जाळी. शेजाऱ्याचा बघायचा नि आपला बांधायचा, विचारायचं कोणाला?

त्यात एक बग मात्र होता. ओढताना आंबा बऱ्याचदा देठातून सुटायचा, चीक सालीवर ओघळायचा, डाग पडायचे, की हापूसचा भाव पडलाच म्हणून समजा.

१९७२ साली रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ निघालं. पुढे तिथल्या मंडळींनी याच झेल्याला पातं बसवून 'नूतन' झेला केला. आंबा देठासकट उतरू लागला. श्रेय विद्यापीठाला मिळालं, ते योग्यच. पण निम्मं डिझाईन आधीच बांबूच्या टोकाला तयार होतं, आणि ते करणाऱ्या गड्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. पुढची सुधारणा करताना निदान त्यांना विचारू या.